तेल प्यालेली फरशी

दिवाळी महिन्यावर आली की आपल्याकडे घरोघरी रंगाच्या कार्डांवर परिषदा भरतात. दिवाणखान्याला फिका पिवळा द्यावा की मोतिया, यावरून नवराबायकोत दोन दिवस अबोला झालेलाही मी पाहिला आहे. पडदे बदलतात, पितळेची भांडी चिंचेने घासून निघतात, माळ्यावरची अडगळ खाली येते आणि बहुधा तशीच पुन्हा वर जाते. या साऱ्या धांदलीत पायाखालच्या भुईकडे मात्र कोणी ढुंकून पाहत नाही. रांगोळीपुरती तिची आठवण होते, तेवढीच. वास्तविक भिंतीला आपण वर्षातून कितीदा हात लावतो? भुईशी आपला संबंध पहाटे अंथरुणावरून पाय खाली टाकल्यापासूनचा. रांगतो तिच्यावर, पहिले पाऊल टाकतो तिच्यावर, आणि शेवटी ज्या तऱ्हेने तिच्यावर येतो त्याचा उल्लेख सणासुदीला नको.

जुन्या बायकांना भुईची योग्यता ठाऊक होती. चार-आठ दिवसांनी घर शेणाने सारवायचे, पावसाळा सरला की अंगण उकरून, पाणी मारून, चोपण्याने चोपून नवे करायचे. यात कष्ट अपार होते. सारवलेल्या जमिनीचे गोडवे गाणारे बहुतेक सारे पुरुष असतात, हे मी जाणून आहे. पण त्या कष्टांमागे एक समजूत होती. भुई एकदा केली आणि विसरून गेलो, असे चालत नाही. घरातल्या माणसासारखेच तिचेही खाणेपिणे, दुखणेखुपणे पाहावे लागते. पुढे फरश्या आल्या आणि ही समजूत सुटली. फरशी म्हणजे पुसली की झाले! आमच्या गावच्या घरातल्या मातीच्या फरशीने ती समजूत आम्हांला पुन्हा शिकवली. तिचीच ही हकिगत.

घर वेंगुर्ल्याच्या बाजूला, जांभ्या दगडाचे, कौलारू. ओटी, माजघर आणि देवघर मिळून सव्वाचारशे चौरस फुटांत तांबड्या भाजक्या मातीच्या नऊ इंची चौकोनी फरश्या बसवलेल्या. आजोबांनी १९३४ साली त्या मंगळूरहून आणवल्या, असे घरात सांगतात. मंगळूर आणि भाजकी माती यांचे नाते त्याहून जुने. बासेल मिशनच्या पाद्र्यांनी १८६५ साली तेथे कौलांचा कारखाना काढला. धर्मांतरामुळे जातीचा धंदा सुटलेल्यांना काम मिळावे, हा त्यामागचा एक हेतू. नेत्रावती आणि गुरुपूर या नद्यांकाठची चिकण माती हाताशी होती, बंदरही जवळ होते. पहिल्या महायुद्धात मिशनची मालमत्ता सरकारने ताब्यात घेतली. पण तोवर इतरांचेही कारखाने उभे राहिले होते आणि मंगळुरी कौल हा शब्द कोकणात घरातल्या माणसासारखा रुळला होता. कौलाबरोबर फरशी आली. आमच्याकडची एक उखडलेली फरशी मी उलटून पाहिली, तर पाठीवर इंग्रजी अक्षरांचा ठसा होता. निम्मी अक्षरे झिजलेली. गावाचे नाव तेवढे लागले.

येथे एक खुलासा करून ठेवतो, कारण पुष्कळांची यात गल्लत होते. गिरगावातल्या चाळींत किंवा गोव्याच्या जुन्या घरांत ज्या रंगीत वेलबुट्टीच्या फरश्या दिसतात, त्या मातीच्या नव्हेत. त्या सिमेंटच्या, साच्यात दाबून केलेल्या. भट्टीत त्या कधी गेलेल्याच नसतात. गुळगुळीत तांबडा कोबा असतो, तोही सिमेंटचाच, तांबडा रंग घालून घोटलेला. मातीच्या फरशीचा रंग वरून दिलेला नसतो. तो तिच्या मातीतल्या लोहाचा, भट्टीत उजळलेला. म्हणून ती कितीही झिजली तरी खालून तांबडीच निघते. आमच्या देवघरासमोर तर पाऊणशे-ऐंशी वर्षांच्या नमस्कारांनी दोन फरश्यांना बशीसारखा खोलगटपणा आला आहे, पण रंगात फरक नाही.

ही फरशी भाजलेली असली तरी काचेसारखी विरघळून एकजीव झालेली नसते. तिच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. मी एक तुटका तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला. ९०५ ग्रॅम भरला. रात्रभर बादलीत बुडवून सकाळी वरचे पाणी टिपून पुन्हा तोलला, तर १०१० ग्रॅम. म्हणजे त्या बिचाऱ्या तुकड्याने रात्रीतून शंभर ग्रॅमांवर पाणी प्यायले होते! उन्हाळ्यात ओटीवर पाणी शिंपडून पडले की जो गारवा लागतो, तो याच छिद्रांचा. माठाचे तत्त्व ते फरशीचे. तेलाचा थेंब सांडला की डाग पडतो, तोही याच छिद्रांमुळे. गुण आणि दोष एकाच घरी नांदतात, आणि माणसाची सारी धडपड गुण ठेवून दोष तेवढा घालवण्याची असते.

ती धडपड आमच्या घरात २०१८ साली झाली. काका वारल्यापासून त्या घरात काकू एकटी राहते. मुंबईला ये म्हटले की तिला तुळस, गाय आणि मागील दारचे फणस एकदम आठवतात. निदान तिला साफसफाई सोपी पडावी, म्हणून आम्हां चुलतभावंडांच्या वर्गणीतून फरशीला झिलई देण्याचे ठरले. तालुक्याच्या गावचा एक ठेकेदार आला. त्याने फरशी ॲसिडने धुतली, वर यंत्र फिरवले आणि चार दिवसांत लखलखीत लेप चढवून निघून गेला. ओटी आरशासारखी झाली. भावंडांच्या ग्रुपवर फोटो फिरले, अंगठे उंचावले. काकू मात्र म्हणाली, “मेल्यांनी माझ्या भुंयेक चष्मो घातल्यानी!”

मृग लागला आणि चष्म्यावर वाफ धरली. लेपाखाली पांढुरके ढग दिसू लागले. श्रावणापर्यंत जागोजाग पापुद्रे सुटले, आणि नखाने पापुद्रा काढावा तर त्याला चिकटून फरशीचा पातळ टवकाही निघून यायचा. त्याहून वाईट म्हणजे दमट हवेत त्या लेपावर पाण्याचा पडदा धरायचा. पूर्वी असा ओलावा फरशी पिऊन टाकी. आता तो वरच राहू लागला. एका सकाळी देवाला फुले आणताना काकूचा पाय सरकला आणि उजवे मनगट मोडले. वय त्या वेळी अठ्ठ्याहत्तर. हाड दीड महिन्यात सांधले, पण मनातली भीती गेली नाही. ज्या ओटीवर ती साठ वर्षे अंधारात, दिव्यावाचून, झोपेतसुद्धा वावरली, तेथे ती भिंतीला हात लावून चालू लागली. आपल्याच घरात पाहुण्यासारखे चालणारे म्हातारे माणूस पाहणे फार कठीण असते.

पुढे कोविडची दोन वर्षे गेली. २०२२ च्या गणपतीत सगळे जमलो तेव्हा हा विषय निघालाच. पुण्याच्या चुलतभावाने तोडगा काढला: सगळी फरशी उखडून व्हिट्रिफाइड बसवून टाकू. दोन फुटी, पांढरी, डाग नाही, काळजी नाही. त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. ती फरशी पाणी जवळजवळ पीतच नाही. वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. काकूने ऐकून घेतले आणि “तुमका काय ता करा” म्हणाली. आमच्याकडे याचा अर्थ ‘माझे ऐकणारे कोण आहे’ असा होतो. मला उखडणे नको होते. पण ‘आजोबांची आठवण’ हे कारण पुढे करून म्हातारीला निसरड्यावर ठेवणे मलाही पटत नव्हते. फरशी राहायची तर ती काकूच्या पायांना मानवली पाहिजे. नाहीतर गेलेली बरी.

मग कोणीतरी शेजारच्या वाडीतल्या एका वृद्ध गवंडीमामांना बोलावून आणले. ते उकिडवे बसले, लेपाचा एक पापुद्रा काढून जिभेला लावला, थुंकले आणि म्हणाले, “खारट आसा. दादानू, ह्या भुंयेक घाम येता. तिच्या अंगार प्लास्टिकचो कोट घातल्यानी. आता ती करतली काय?”

रसायनशास्त्राच्या पुस्तकात याला दोन पाने लागतात. जुन्या घरांच्या फरशीखाली ओल अडवणारा थर नसतो. ठेचलेली माती, तिच्यावर चुन्याची गिलाव, तिच्यावर फरशी. दिव्याच्या वातीतून तेल चढते तशी जमिनीतली ओल फरशीतून वर चढते आणि पृष्ठभागावरून उडून जाते. येताना ती मातीतले क्षार विरघळवून आणते. पाणी उडते, क्षार मागे राहतात. हाच लोणा. फरशी उघडी असेल तर तो वर पांढऱ्या भुकटीसारखा दिसतो आणि झाडून काढता येतो. वर न सुटणारा लेप असेल तर क्षारांचे खडे लेपाखाली, फरशीच्या अंगातच बनतात, फुगतात आणि तिची कातडी सोलून काढतात. टवके निघत होते ते यामुळे. त्यातून मुळात ॲसिडने धुतलेली! ॲसिडने सांध्यांतला चुना खाल्ला जातो, आणि त्यातून तयार होणारा क्षार हवेतलीच ओल शोषून घेणारा असतो, म्हणजे आजाऱ्याला औषधाच्या नावाने दुखणेच पाजायचे.

आणि हीच ओल व्हिट्रिफाइडखाली कोंडली असती तर? ती काही परत पाताळात जात नाही. ती आडवी सरकते आणि भिंतीत चढते. जांभ्याच्या भिंतीला तर ते निमंत्रणच. हे मामांनी पुण्याच्या भावाला कोयत्याच्या टोकाने जमिनीवर रेघोट्या ओढून समजावले. भाऊ इंजिनियर आहे, त्यामुळे त्याला पटायला थोडा वेळ लागला.

मामांचा पहिला हुकूम फरशीला हात न लावण्याचा होता. घराच्या मागील बाजूला वर्षानुवर्षे पालापाचोळा आणि माती साचून ती जोत्याच्या वर आली होती; पागोळ्यांचे पाणी तेथेच मुरत होते. ती माती दोन हात खाली नेऊन, चर खणून पाणी आंब्याच्या दिशेने काढून देण्यात दसरा-दिवाळी गेली. रोग भुईत नसून अंगणात होता म्हणायचा. मी आपला पुस्तकी प्रयोग केला: हातभर चौरस प्लास्टिकचा कागद फरशीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवला. नोव्हेंबरात कागदाच्या आतून दव धरले होते. जानेवारीत किंचित धूसरपणा. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कागद कोरडा निघाला, तेव्हा कामाला सुरुवात झाली. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथे अशा कामाला फेब्रुवारी-मार्चखेरीज मुहूर्त नाही. दिवाळीला घर चकाचक दिसावे म्हणून ऑक्टोबरात फरशीला लेप देणारे लोक ओल भुईतच डांबून ठेवतात.

जुना लेप काढणे हे सगळ्यांत कंटाळवाणे काम. रंग सोडवणारे रसायन लावायचे, दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या, लेप फुगला की लाकडी पट्टीने खरवडायचा. पोलादी पट्टी लावली तर मामा ओरडत. पुन्हा यंत्र फिरवून पातळ थर उडवावा, अशी सूचना आली. ती त्यांनी धुडकावली. भाजक्या फरशीची वरची कातडी आतल्या अंगापेक्षा घट्ट असते. ती घासून काढली की आतला भुसभुशीत, अधिक पाणी पिणारा भाग उघडा पडतो. भाकरीचा पापुद्रा काढून टाकल्यावर आमटी कशी शोषली जाते, तसे. लोणाही पाण्याने धुवायचा नाही. धुतला की तो विरघळून आल्या वाटेने परत आत जातो. कोरड्या काथ्याच्या ब्रशाने झाडायचा, भुकटी उचलून घराबाहेर टाकायची, आठ दिवसांनी पुन्हा झाडायचा. तीनदा झाडल्यावर तो येईनासा झाला. देवघरासमोरचा मात्र हट्टी निघाला.

एकोणीस फरश्या अगदीच गेल्या होत्या. त्या मापाच्या नव्या कुठे मिळणार? पण पडक्या गोठ्याच्या कोपऱ्यात आजोबांनी उरलेल्या फरश्या रचून ठेवलेल्या सापडल्या. उरलेल्या वस्तू न टाकणाऱ्या त्या पिढीला आपण अडगळ जमवणारी म्हणतो! सांध्यांतले ठेकेदाराने भरलेले सिमेंट मामांनी छिन्नीने हळूहळू काढले आणि दरजा पुन्हा चुन्याने भरल्या. सिमेंटचा सांधा फरशीहून कठीण. ओल त्यातून वाट न मिळाल्याने फरशीतूनच निघते. चुन्याचा सांधा मऊ, ओल त्यातून निघून जाते. क्षाराने खाल्लाच तर सांधा खावा, फरशी खाऊ नये. सांधा पुन्हा भरता येतो. आमच्या किनाऱ्यावर पूर्वी शिंपल्या भाजून चुना करीत आणि तो घाणीत मळीत. आता विरवलेला चुना बाहेरून आणावा लागला, त्याबद्दल मामांनी दोन दिवस नापसंती व्यक्त केली.

यानंतर तेल. कोकणात तेल म्हणजे खोबरेल, त्यामुळे काकूने उदारपणे घरच्या खोबरेलाचा डबाच पुढे केला. पण ते येथे उपयोगाचे नाही. खोबरेल वाळत नाही. ते चिकट राहते, धूळ धरते आणि पुढे खवट वास मारते. फरशीला लागते ते जवसाचे, उकळून तयार केलेले, ज्याला सुतार आणि रंगारी बेलतेल म्हणतात. ते पाण्यासारखे उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, रबरासारखे पातळ कवच बनते. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाने या गुणावरून जवसाचे घट्ट झालेले तेल आणि बुचाचा भुसा यांपासून जमिनीवर अंथरायचे कापड केले आणि १८६३ साली त्याचे पेटंट घेतले. तेच लिनोलियम. लॅटिनमध्ये जवसाच्या झाडाला लिनुम आणि तेलाला ओलेउम म्हणतात, त्यांची ही संधी. जवसाची चटणी भाकरीबरोबर खाणाऱ्या आपल्या लोकांना हे नाव उगीचच विलायती वाटत आले. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या इम्प्रुनेता गावची मातीची फरशीही पिढ्यान्‌पिढ्या जवसाचे तेल आणि मेण यांवरच पोसली गेली आहे.

तेल गरम पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून कोमट करायचे. थेट विस्तवावर नाही. पहिल्या हाताला तेल आणि टर्पेंटाइन निम्मेनिम्मे, म्हणजे ते खोल जाते. दुसऱ्या हाताला टर्पेंटाइन कमी, तिसऱ्याला नुसते तेल. दोन हातांत दोन-दोन दिवसांचे अंतर. मामांचा नियम असा: “पिता तवसर पाजूचा. नको म्हणूक लागली की पुसून काढूचा.” या पुसून काढण्यातच सगळी मख्खी आहे. वीस मिनिटांनंतर जे तेल वर दिसते, ते फरशीने नाकारलेले असते. ते तसेच ठेवले तर त्याचा चिकट थर बनतो आणि पुन्हा तेच लेपाचे दुखणे. काही फरश्या दोनदा पिऊन तृप्त झाल्या, चुलीच्या बाजूच्या तर एकदाच. दारालगतच्या, उन्हापावसाने रुक्ष झालेल्या फरश्या चार-चार वेळा मागत राहिल्या. एका पंगतीत बसलेल्यांचा आहार कधी सारखा असतो का? सव्वाचारशे फुटांना एकूण सात लिटर तेल लागले.

आणि एक गोष्ट जी घराघरांत सांगायला हवी. तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. तेल वाळताना उष्णता निघते. फडके पसरलेले असेल तर ती उडून जाते; बोळा केलेला असेल तर आत साठते आणि काडी न लावता आपोआप पेट घेते. ही भुताटकी नव्हे. १९९१ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरातल्या एका ३८ मजली इमारतीला अशाच जवसाच्या तेलाच्या चिंध्यांनी आग लागली आणि तीन अग्निशामक जवानांचा प्राण गेला. आम्ही रोज संध्याकाळी फडकी पाण्याच्या बादलीत बुडवून, मग अंगणात दोरीवर एकेक करून पसरत होतो. शेजाऱ्यांना वाटले, आमच्याकडे बाळंतीण आली.

तेल पुरते सुकायला तीन आठवडे दिले. मग मेण. मधमाश्यांचे एक किलो मेण गरम पाण्याच्या पातेल्यात वितळवले, विस्तवापासून लांब नेले आणि मगच त्यात टर्पेंटाइन घालून लोण्यासारखे केले. ही क्रमवारी उलटवू नये, टर्पेंटाइन चटकन पेटते. पातळ हात लावून, रात्रभर ठेवून, सकाळी नारळाच्या सोडणाने आणि नंतर घोंगडीच्या तुकड्याने घासायचे. पुण्याचा भाऊ सुट्टी काढून आला होता. सोडणावर एक पाय ठेवून ओटीभर घसरत जाण्याचा मान त्याने कोणाला दिला नाही. पन्नाशीचा माणूस, पण त्या दोन तासांत निदान चाळीस वर्षांनी लहान झाला होता.

फरशीला जी कळा आली ती आरशाची नव्हती. पिकल्या सुपारीसारखी मंद, खोल तांबडी. हात फिरवला तर मऊ लागते, ओला पाय टाकला तर धरते. पाणी सांडले तर थेंब काही वेळ वर राहतो, पुसायला अवधी देतो, पण भुईतली ओल हळूहळू वर येऊन निघून जाऊ शकते. मोठ्या पावसात दोन-चार दिवस फरशी काळसर दिसते आणि ऊन पडले की उजळते. सगळे डाग गेले नाहीत. माजघरात एका बारशाच्या वेळी कलंडलेल्या समईचा काळा डाग आहे. तो काढू का, असे मामांनी विचारले तेव्हा काकूने त्यांच्याकडे असे पाहिले की ते पुढे सरकले.

हाच उपाय साऱ्यांनी सरसकट करावा, असे माझे म्हणणे नाही. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हौसेने मातीची फरशी बसवली असेल तर तिच्याखाली सिमेंटचा स्लॅब आहे. तेथे भुईची ओल येत नाही, मग वर बसणारा लेपही टिकतो. न्हाणीघरात तेल-मेणाचा निभाव लागत नाही. बाजारात आता फरशीच्या अंगात मुरून पाणी दूर सारणारी, पण वाफेला वाट देणारी सिलेनच्या जातीची द्रव्ये मिळतात. तीही योग्य जागी उत्तम. माझे भांडण रसायनाशी नाही. खाली काय आहे ते न पाहता वरून झाकण लावण्याशी आहे. ठेकेदाराने त्या दिवशी एक कौल टाकून पाण्याचा तांब्या ओतला असता, तर फरशीनेच त्याला सांगितले असते. पण विचारायला वेळ लागतो आणि त्याला चार दिवसांत पुढच्या घरी जायचे होते.

खर्च म्हणाल तर नव्या फरशीच्या अंदाजाच्या निम्म्याहून कमी आला. दिवस मात्र चौपट लागले. आणि दर वर्षी कोरड्या दिवसांत एकदा मेणाचा हात द्यावा लागतो. साबणाच्या तिखट भुकटीने फरशी धुवायची नाही, नुसते पाणी पिळून घेतलेले फडके पुरे. घरकाम करणाऱ्या बाईंना हे पटवायला काकूला सहा महिने लागले, कारण फेस आल्याशिवाय स्वच्छता झाली असे त्यांना वाटत नाही.

२०२३ च्या आषाढात मी मुद्दाम गावी गेलो. बाहेर पाऊस कौलांवर नुसता कोसळत होता. पहाटे वीज गेलेली. काकू उठली, अंधारातच मागील दारी गेली, परडीत फुले घेऊन ओटीवरून आली आणि माझ्या अंथरुणाला वळसा घालून देवघरात शिरली. हात भिंतीला नव्हता. मी जागा आहे हे तिच्या लक्षात आले असावे. समई लावता लावता म्हणाली, “आता पायांक कळता, भुंय खय आसा ता.”

त्या खोलगट दोन फरश्यांत लोणा अजून दर पावसाळ्यानंतर थोडा उगवतो. मामांचे म्हणणे, तुळशीकडच्या बाजूची पन्हळ देवघराच्या जोत्याशीच रिकामी होते, ती वळवल्याखेरीज हे थांबायचे नाही. दिवाळी आटोपली की तेवढा चर खणायचा आहे. फावडे पुण्याच्या भावाच्या वाट्याला आले आहे.